दोघांचं टेबल

नाट्यातला रस म्हणजे काय हे भरतमुनींना समजावून सांगायचं होतं, तेव्हा त्यांनी उदाहरण घेतलं ते जेवणाचं. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात ते सांगतात की, नाना व्यंजनांनी सिद्ध केलेलं अन्न खाताना प्रसन्न मनाचा माणूस जसा त्यातले रस चाखतो आणि सुखावतो, तसाच जाणता प्रेक्षक अभिनयातून प्रकट झालेले स्थायीभाव चाखतो. वर्गात हा भाग शिकवताना मी ताटाकडून नाटकाकडे जाते. इथे मला उलट्या वाटेनं जायचं आहे. एखादी कविता वाचावी तसं एक जेवण वाचायचं आहे: त्याची रचना, त्याचा क्रम, त्यातल्या मोकळ्या जागा, आणि न जमलेल्या ओळीसुद्धा.

हे जेवण आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचं. आम्ही अंबाजोगाईचे. दिवाळीच्या सुटीत मुंबईला गेलो होतो, आणि लेकीनं दक्षिण मुंबईत समुद्रासमोरच्या एका मोठ्या हॉटेलातल्या रेस्तराँमध्ये आमच्यासाठी रात्रीचं टेबल राखून ठेवलं होतं. एकामागून एक आठ पदार्थ, आधीच ठरलेले, निवड आपण करायची नाही. दोघांनीच जायचं, ही तिची अट.

सुरुवात टेबलापासूनच करायला हवी, कारण या जेवणाचा आकार त्यानंच ठरवला. दोन खुर्च्या, समोरासमोर. मधलं अंतर एवढंच की हळू बोललेलं ऐकू यावं. आज हे इतकं सवयीचं झालं आहे की ते कुणीतरी कधीतरी घडवलेलं आहे असं वाटतच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातल्या खाणावळींत एकच लांब टेबल असे, ठरल्या वेळी सगळ्या उतारूंनी त्याच्याभोवती बसायचं आणि समोर येईल ते घ्यायचं. वेगळं छोटं टेबल, हातात पदार्थांची यादी आणि आपल्या वेळेला आपलं जेवण, हे पॅरिसमधल्या पहिल्या रेस्तराँनी रुजवलं. म्हणजे दोन माणसांनी चारचौघांत बसूनही दोघांपुरतं जेवावं, ही सोय जेमतेम अडीचशे वर्षांची आहे.

आमच्याकडे ती आली तेव्हा पडद्याआडून आली. लग्न झाल्यावर पहिल्यांदा बाहेर जेवलो ते बीडच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात, ‘फॅमिली रूम’मध्ये. प्लायवूडचं खोकं, पुढे हिरवा पडदा, आत ट्यूबलाइट. नवऱ्याबरोबर जेवताना बाई कुणाला दिसू नये म्हणून ती व्यवस्था. त्या खोक्यात मी खाली मान घालून पनीरची भाजी खाल्ली आणि लवकर आटोपलं. मुंबईच्या या रेस्तराँत पडदा कुठेच नव्हता. शेजारचं टेबल दिसत होतं, तिथली माणसंही दिसत होती, पण टेबलांमध्ये इतकी जागा सोडली होती आणि दिवे असे लावले होते की प्रत्येक टेबलाचा उजेड त्या टेबलापुरता पडत होता. एकांत इथेही होता. फक्त त्यासाठी लपावं लागत नव्हतं.

मग रचना. आपलं ताट एका नजरेत सगळं सांगून टाकतं. वर मध्यभागी मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भात आणि पोळी किंवा भाकरी. पहिला घास घेण्याआधीच शेवटचा घास दिसत असतो. जेवणारा आपल्या मनानं फिरतो. चटणीवरून आमटीवर, आमटीवरून कोशिंबिरीवर. इथे त्याच्या उलट. एक पदार्थ येतो, संपतो, उचलला जातो, मग दुसरा. पुढं काय आहे ते छापील कार्डावर असतं, पण डोळ्यांना दिसत नाही. ही पद्धत पाश्चात्त्यांची म्हणून आपण ओळखतो. पण तिथेही पूर्वी सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडत असत, आपल्या ताटाच्या बरेच जवळ जाईल असं. 1810च्या सुमारास पॅरिसमधला रशियाचा राजदूत अलेक्झांडर कुराकिन यानं आपल्या मेजवान्यांत एकेक पदार्थ क्रमानं वाढायची रशियन रीत तिथे आणली असं मानतात, आणि शतक संपेपर्यंत ती युरोपभर पसरली.

माझं मत विचाराल तर पोट आणि जीभ ताटावर जास्त खूश असतात. ताटात स्वातंत्र्य आहे. पण क्रमानं येणाऱ्या जेवणात एक गोष्ट अशी आहे जी ताटात कधीच मिळत नाही, आणि ती म्हणजे दोन पदार्थांमधला रिकामा वेळ. पहिली बशी उचलली गेली आणि दुसरी यायला दहा-बारा मिनिटं गेली. समोर काही नाही. पांढरं कापड, पाण्याचे दोन पेले. हात कुठे ठेवावेत कळेना. घरी जेवताना माझ्या हाताला रिकामा क्षण नसतो. काही ना काही वाढायचं, झाकायचं, गॅस बारीक करायचा असतोच. इथे उठायचं कारणच काढून घेतलं होतं. पहिल्या रिकाम्या वेळात आम्ही मुलांविषयी बोललो. दुसऱ्यात घराच्या गळक्या छताविषयी. तिसऱ्यात हे म्हणाले, “तुला आठवतं का, तू बी.एड.ला असताना पत्रं लिहायचीस?” त्यानंतरच्या काही पदार्थांच्या चवीकडे माझं थोडं दुर्लक्षच झालं. हे रचनाकाराचं अपयश नाही. कवितेत दोन कडव्यांमधली जागा कवीनंच सोडलेली असते, आणि पुष्कळदा अर्थ तिथेच भरतो.

कार्डाविषयी थोडं. पदार्थांची नावं होती, किंमत नव्हती, कारण सगळ्या जेवणाची एकच रक्कम आधी ठरलेली. मला हायसं वाटलं. एरवी कुठल्याही हॉटेलात मी कार्ड उजवीकडून वाचते, आधी आकडा आणि मग पदार्थ. माझ्या ओळखीच्या बहुतेक बायका तसंच वाचतात. महागड्या रेस्तराँचा याबाबतचा इतिहास मात्र चमत्कारिक आहे. पाश्चात्त्य देशांत पूर्वी अशा ठिकाणी पुरुषाला किमतींचं कार्ड देत आणि बाईला बिनकिमतीचं. पैसे तो देणार, तिनं आकडे कशाला पाहावेत, हा विचार. 1980मध्ये लॉस एंजेलिसमधल्या ‘लोरांजरी’ नावाच्या रेस्तराँत एका बाईनं आपल्या व्यवसायातल्या सहकाऱ्याला जेवायला नेलं, पैसे तीच देणार होती, आणि बिनकिमतीचं कार्ड तिच्याच हातात आलं. ती थेट न्यायालयात गेली. दावा पुढे चालवायची वेळ आली नाही, कारण रेस्तराँनं ती पद्धतच सोडून दिली. आमच्या टेबलावर दोन्ही कार्डं सारखी होती. ही साधी गोष्ट वाटते, पण तिच्यासाठी कुणाला तरी भांडावं लागलं आहे.

आता या जेवणातली सर्वांत सुंदर ओळ. प्रत्येक पदार्थाच्या वेळी दोन वाढपी येत. एक माझ्या बाजूला, एक यांच्या बाजूला. क्षणभर थांबत, एकमेकांकडे पाहत, आणि दोन्ही बशा एकाच क्षणी टेबलावर ठेवत. आवाज एकच येई. मोठ्या रेस्तराँमध्ये हा शिस्तीचा भाग असतो, वाढप्यांना तो घोटून शिकवतात. कारण व्यवहारी आहे: एकाची बशी आधी आली तर तो दुसऱ्यासाठी थांबतो आणि त्याचं अन्न निवतं. पण मी आठही वेळा ते पाहत राहिले. नवरा-बायकोंपैकी कुणीही आधी नाही आणि कुणीही नंतर नाही, हे मी जेवणाच्या बाबतीत आयुष्यात इतक्या स्पष्टपणे मांडलेलं पाहिलं नव्हतं.

माझी आई शेवटी जेवायची. आमच्या भागात तिच्या पिढीच्या बहुतेक बायका तशाच जेवल्या. आधी पुरुष, मग मुलं, मग सासू, मग ती. चुलीपुढं बसून ती तव्यावरची भाकरी फुगली की लगेच दुसऱ्याच्या ताटात टाकायची. ऊन भाकरीचा मान जेवणाऱ्याचा. स्वतःसाठी शेवटच्या पिठाची लहानशी भाकरी असायची, आणि कालवण उरेल तेवढं. कुणी तिच्यावर जुलूम करत होतं असं नाही. वडील शांत होते, तिला मान देत होते. तरीही त्या दोघांना एका वेळी, समोरासमोर जेवताना मी कधीच पाहिलं नाही. सणासुदीला पंगत पडायची ती पुरुषांची आधी, बायकांची मागून. लग्नातच काय ते नवरा-नवरी शेजारी बसतात, नाव घेऊन एकमेकांना घास देतात, सगळे हसतात. ते झालं की पुढची पन्नास वर्षं ती वाढते आणि तो जेवतो. आमच्या गावची योगेश्वरी तर, कथा सांगतात त्याप्रमाणे, कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला निघाली होती. मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं. हत्तीखान्याच्या लेण्यात ते दगडी हत्ती अजून उभे आहेत. त्या लग्नाची पंगत बसलीच नाही. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला वाईट वाटायचं ते एवढ्या सगळ्या अन्नाचं काय झालं असेल याचं.

जेवणाची हकीकत परतल्यावर सासूबाईंना सांगितली. त्यांनी किंमत विचारली नाही. विचारलं ते असं: “ऊन व्हतं का सगळं?” मी सांगितलं, आत्या, दोघांनाही एकदमच वाढत होते, दोघांचंही ऊन. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “आमी फडात एकदमच जेवायचो. पर गार.”

सासूबाई आणि सासरे ऊसतोडीला जात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातल्या गावांमधून गाड्या भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतली जाते ती दोघांची मिळून, टनाचा हिशेब लागतो तोही दोघांचा मिळून. बाई एकटी असेल तर अर्धा कोयता. बाई पहाटे तीनला उठून कोपीपुढं, म्हणजे झोपडीपुढं, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापते, फडात जाते, तो तोडतो, ती पाचट सोलते, मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. आमचे हे त्या दिवसांत गावात आजीपाशी राहून शाळा शिकले, म्हणून त्यांनी आई-वडिलांचं फडातलं जेवण पाहिलेलं नाही. ते मला सासूबाईंनी सांगितलं. दुपारी बांधावर किंवा तोडलेल्या पाचटावर बसायचं, फडकं सोडायचं. पहाटेच्या भाकऱ्या, ठेचा, कधी वांग्याचं कोरड्यास. तिथं वाढायचं कुणी? गावात त्या सगळ्यांच्या शेवटी जेवायच्या. फडात मात्र दोघांनाही लगेच कामाला लागायचं असायचं, एकानं दुसऱ्यासाठी थांबायला वेळच नसायचा, म्हणून त्या नवऱ्यासमोर बसून त्याच्याबरोबरच जेवायला शिकल्या. गावी परत आलं की पुन्हा चूल, पुन्हा शेवटची भाकरी.

त्यांच्या त्या बांधावरच्या जेवणाला मी मोठं करून सांगत नाही. ती सक्तीची बरोबरी होती, थकव्यातून आणि कर्जातून आलेली, आणि त्याच कोयत्याखाली बायकांची शरीरं कशी झिजतात हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. पण रसग्रहण करताना एखाद्या रचनेची परंपरा शोधावी लागते, आणि मी ती पॅरिसच्या रेस्तराँत शोधत होते. समोरासमोर, एका वेळी, कुणीही आधी नाही अशी दोघांची बैठक माझ्या सासरी माझ्याआधीच होऊन गेली होती. मुंबईच्या त्या टेबलानं तिच्यात दोन गोष्टी घातल्या: अन्न ऊन होतं, आणि घाई नव्हती.

पदार्थांकडे येते. सगळेच सारखे उतरले नव्हते. सुरुवातीला एका घासाएवढा ज्वारीचा पापुद्रा आला, काचेसारखा पातळ आणि कुरकुरीत, वर लसणाच्या चटणीचा ठिपका. देखणा होता. मला तो पटला नाही. ज्वारीला चिकटपणा नसतो, म्हणून बाई पिठाला कढत पाण्याची उकड काढते, तळहाताच्या टाचेनं मळून मळून त्याला एकजीव करते, थापते, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवते. ज्वारीची चव त्या वाफेत आहे, भाकरी मोडल्यावर पदरामधून जी बाहेर येते तिच्यात. वाफ काढून टाकली की उरतो तो नुसता कुरकुरीतपणा, आणि तो कुठल्याही धान्यातून आणता येतो. मोठ्या शहरातले आचारी आता ज्वारी-बाजरीकडे आदरानं पाहू लागले आहेत, याचा मला आनंद आहे. पण त्यांनी एकदा चुलीपुढं बसून भाकरी खावी असंही वाटतं.

त्यानंतरचा रावस मात्र निर्दोष होता. आम्ही कोरडवाहू माणसं, मासा आमच्या हाडीमाशी नाही. आमच्याकडे मासा म्हणजे तलावातला, काटेरी, झणझणीत कालवणातला. इथे फक्त मीठ, लोणी आणि कोकमाचं पाणी. मांस पाकळ्यांनी सुटत होतं. स्वयंपाक्यानं काही केलं आहे असं वाटूच नये, इतकं थोडं केलं होतं. हे फार कठीण असतं. लिहिणाऱ्याला ते चांगलं ठाऊक असतं. मधल्या तीन-चार पदार्थांविषयी विशेष सांगण्यासारखं नाही, चांगले होते, आणि आमचं लक्ष तेव्हा पत्रांकडे होतं.

शेवटी सीताफळ आलं. गोठवलेला गर, शेजारी गुळाचा पाक करपवून केलेली तपकिरी काच. कार्डावर लोण्याचा प्रदेश छापलेला होता, मिठाचा छापलेला होता, सीताफळाचा नव्हता. ते कुठलं होतं मला माहीत नाही. पण मी बालाघाटाच्या पायथ्याशी वाढलेली आहे. धारूर, अंबाजोगाई, पाटोदा, आष्टी, या बाजूच्या मुरमाड डोंगरांवर सीताफळ आपोआप येतं. पाणी मागत नाही, शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, दुष्काळात सगळं वाळलं तरी ते उभं असतं. बीडच्या सीताफळाला 2016मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळ मात्र नाजूक. डोळे उघडले की काढायचं, दोन-तीन दिवसांत पिकतं आणि लगेच उतरतं. म्हणून शहरापर्यंत पोचतं ते बहुधा कच्चं किंवा गर काढून गोठवलेलं.

या पदार्थाचं वाचन मी दोनदा बदललं. पहिल्या चमच्याला वाटलं, हे सीताफळ नव्हेच. आपण ते हातानं फोडतो, कळी कळी तोंडात घेतो, जिभेनं बी सुटी करतो, थुंकतो. निम्मी चव त्या खटपटीत असते, आणि एक फळ खायला पंधरा मिनिटं लागतात. इथे एकही बी नव्हती, खटपट नव्हती, म्हणून सुरुवातीला ते पोरकं वाटलं. मग दुसऱ्या चमच्याला जाणवलं की खटपट नाहीशी झालेली नाही, ती कुणीतरी माझ्याआधी उरकली आहे. सीताफळाचा गर बियांपासून वेगळा करणं हे किती चिकाटीचं काम आहे हे ज्यानं बासुंदीसाठी ते केलं आहे त्याला विचारा. आमच्या घरी ते मीच करते आणि बाकीचे बासुंदी पितात. या रात्री ते दुसऱ्या कुणाच्या हातांनी माझ्यासाठी केलं होतं. त्या हातांना आपण पैसे दिले, हे खरं. तरी ते हात होते. गुळाच्या काचेचा कडवट तुकडा आणि थंड गर एकत्र आला तेव्हा चव फार उंच गेली. या जेवणातला सगळ्यांत पुरा जमलेला पदार्थ तो.

एका बाबतीत मात्र हे सगळं जेवण कोरडं होतं. कुणी आग्रह केला नाही. आपल्याकडे वाढणारी बाई ताटाकडे बघत असते, नको म्हटलं तरी एक वाढते, जेवणारा हात आडवा धरतो, ती त्याच्या बोटांमधून वाढते. तिथल्या वाढप्यांना ते शिकवलेलं नव्हतं, आणि ठरलेल्या मापाच्या जेवणात दुसऱ्यांदा वाढायला जागाही नसते. माझ्या बशीतलं सीताफळ संपलं होतं. यांच्या बशीत अजून निम्मं होतं. यांनी इकडेतिकडे न बघता बशी माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, “अहो, तुम्ही खा की.” “घे, एवढं घेच,” हे म्हणाले. मी नको म्हटलं, तेव्हा त्यांनी पुन्हा म्हटलं. आमच्या घरात हे वाक्य आजवर मीच म्हणत आले होते, तेही उभ्यानं, हातात पळी धरून. मी बसून ते ऐकलं, तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत थांबले, आणि मग घेतलं.